जन्मतारीख विचारतात, आठवडे विचारत नाहीत

वेळेआधी जन्मलेल्या आमच्या बाळाला एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) सुट्टी झाली, डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली, तोवर सगळं सुरळीत होतं. अडलं ते नोंदणीच्या खिडकीपाशी. अर्जात जन्मतारखेला रकाना होता, बाळ कितव्या आठवड्यात जन्मलं याला नव्हता. मग वय धरलं जन्मतारखेपासून, शेरा पडला ‘मान धरत नाही’ आणि पहिली तारीख मिळाली खूप लांबची. आठवलं की अजून डोकं तापतं.

अशा बाळाचं वय जन्मतारखेपासून नाही, पूर्ण दिवस भरले असते त्या तारखेपासून धरायचं असतं, त्याला ‘करेक्टेड वय’ म्हणतात. हिशोब सोपा आहे: ४० मधून जन्माचे आठवडे वजा करा, जेवढे उरतील तेवढे आजच्या वयातून कमी करा. ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ जन्मानंतर २२ आठवड्यांनी करेक्टेड वयाने १२ आठवड्यांचंच असतं. त्याने मान पक्की धरलेली नसली तर त्यात नवल काय? दोन वर्षांपर्यंत हेच वय धरायचं. ‘मेंदूवर परिणाम झालाय का’ हे हालचालींवरून ओळखण्याची एक तपासणी साधारण ९ ते २० आठवडे करेक्टेड वयातच होते. लांबच्या तारखेत ती हुकते. म्हणून अर्जाच्या वरच ठळक लिहा: ‘जन्म अमुक आठवडे, करेक्टेड वय तमुक’. आणि तारीख अलीकडची मागा, भीड नको.

त्या तपासणीसाठी मोबाइलवर ३ ते ५ मिनिटांचं चित्रण लागतं. बाळ उताणं, जागं आणि शांत हवं, हातपाय उघडे, चोखणी-खेळणं काही नको. त्याच्याशी बोलूही नका, हालचाल बदलते.

व्यायाम म्हणजे हातपाय ओढणं नव्हे. पोटात शेवटचे आठवडे अंग दुमडून राहायचं हुकल्याने या बाळांचे पाय बेडकासारखे फाकतात, खांदे मागे जातात. म्हणून जागेपणी कुशीवर ठेवून दोन्ही हात छातीसमोर आणायचे. आपल्या छातीवर पालथं घालायचं, सुरुवातीला मिनिटभर, दिवसातून अनेकदा, दूध पाजल्यावर लगेच नाही. बोटं फाकली, उचकी लागली, रंग बदलला की थांबा. झोपवायचं मात्र उताणंच.

एक राहिलं: वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरू लागलं तर ‘डावखुरं असेल’ म्हणून सोडू नका, दाखवा. आणि वॉकर कुणी भेट दिला तरी माळ्यावर टाका.