जोत्तोच्या मनोऱ्यावर चढण्यापूर्वी

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलशेजारच्या जोत्तोच्या घंटामनोऱ्याचे तिकीट चौकात हिंडणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये, हे सर्वांत आधी लिहितो, कारण त्यापायी माझी अर्धी सकाळ वाया गेली. ‘यात घुमटही आला’ असे सांगून त्याने ३५ युरो घेतले. प्रत्यक्षात हातात पडला तो त्या वेळी २० युरोंना मिळणारा जोत्तो पास, आणि त्यात कॅथेड्रलच्या घुमटाचा, म्हणजे वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाचा, समावेश नसतो. घुमटासाठी ब्रुनेलेस्की पास लागतो व चढण्याची वेळही आधी ठरवावी लागते, हे मला पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर घुमटाच्या दारात कळले. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि पासाचे नाव नीट वाचावे.

मनोऱ्याला लिफ्ट नाही, ८४.७ मीटर उंची आणि ४१४ पायऱ्या आहेत. चित्रकार व वास्तुविशारद जोत्तोने १३३४ मध्ये काम हाती घेतले, पण तो १३३७ मध्येच वारला. पुढे आन्द्रेआ पिसानो आणि अखेर फ्रांचेस्को तालेंती यांनी ते १३५९ मध्ये पूर्ण केले. तालेंतीने प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा मोठा बांधला, म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला ते सारखे दिसावेत. त्यामुळे खालून मजले मोजून दमाचा हिशोब करणारा हमखास चुकतो; मीही चुकलो.

शेवटचा टप्पा मात्र खरोखर वाईट आहे. जिना इतका अरुंद होतो की चढणारा किंवा उतरणारा, दोघांपैकी एकाला भिंतीला चिकटावेच लागते. वरून दहा-बारा जण एकामागून एक उतरू लागले, तेव्हा झिजलेल्या पायरीच्या कडेवर अर्धे पाऊल ठेवून आणि गार दगडावर दोन्ही तळहात रोवून मी कितीतरी वेळ उभा होतो. कोंदट जागेची भीती वाटणाऱ्यांनी इथे येऊच नये. बाकीच्यांनी सकाळची पहिली वेळ गाठावी.

वर पोहोचल्यावर मात्र सगळा राग निवळला. ब्रुनेलेस्कीचा लाल घुमट इतका जवळ आणि इतका पूर्ण दिसतो की, ज्यांना एकच चढण झेपणार आहे, त्यांनी निःशंकपणे मनोराच निवडावा, कारण घुमटावर उभे राहून घुमट दिसत नाही. गच्चीला जाळी आहे, त्यामुळे छायाचित्रासाठी मोबाइल तिच्या छिद्राला टेकवून धरावा.

पायथ्याची शिल्पे प्रतिकृती आहेत. पिसानोची मूळ षट्कोनी फलके कॅथेड्रलच्या संग्रहालयात असून, त्याच पासावर ती पाहता येतात. पास तीन दिवस चालतो, तेव्हा संग्रहालय दुसऱ्या दिवसावर ठेवावे.