शेपटीचा अपूर्णविराम

आमच्या विभागाचा सर्व्हर अजून सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर आहे आणि त्यावरचा जीसीसी (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) ४.८.५. माझा सिम्युलेशनचा कोड सी++१४ चा. कंपाइल करायला घेतला की जी++ (जीसीसीची सी++ साठीची कमांड) पहिल्याच ओळीत हात वर करतो: सी++१४ असला पर्याय मला ओळखता येत नाही. रूट, म्हणजे सर्व्हरवर काहीही बसवायचा अधिकार, माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे ते सर म्हणाले, "अरे, त्या सिस्टिमचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला. यमकडे मागून आता सहज काही मिळत नाही." (यम म्हणजे तिथला पॅकेज मॅनेजर. नाव ठेवणाऱ्यांना मराठी येत नसावं.) मग आपला हात जगन्नाथ. जीसीसी ९.३ चा सोर्स उतरवला आणि होम डिरेक्टरीतच बिल्ड करायचं, म्हणजे त्या सोर्सपासून कंपायलर बनवायचं, ठरवलं.

त्यासाठी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिताच्या लायब्रऱ्या लागतात. त्या शोधत फिरू नका, सोर्सच्या कॉन्ट्रिब फोल्डरमधली एक स्क्रिप्ट त्या आणून जागेवर ठेवते. बिल्ड मात्र सोर्सच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये करायचा. कन्फिगरने (बिल्डआधी सिस्टिम तपासणारी स्क्रिप्ट) ३२ बिटच्या लायब्रऱ्या नाहीत म्हणून तक्रार केली, पण मल्टिलिब (३२ आणि ६४ बिट दोन्हींची सोय) बंद करा हा उपायही त्यानेच सांगितला. इतका सभ्य एरर क्वचितच बघायला मिळतो.

चार जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) देऊन मेक, म्हणजे बिल्ड चालवणारी कमांड, लावला आणि झोपलो. सकाळी स्क्रीनवर नुसतं 'एरर २'. चार जॉब एकदम चालले की खरा एरर शेकडो ओळी वर गाडला जातो, त्यामुळे शेवटची ओळ वाचून काही कळत नाही. एकाच जॉबने मेक पुन्हा चालवला तेव्हा सापडला: लायब्ररी पाथमध्ये (लायब्रऱ्या शोधायच्या फोल्डरांची, अपूर्णविरामांनी वेगळी केलेली यादी) चालू डिरेक्टरी असता कामा नये. मी तर ती घातलीच नव्हती! ती यादी ठेवणारं व्हेरिएबल एको करून, म्हणजे छापून, पाहिलं. होममधल्या लिब फोल्डरचा पत्ता, आणि त्याच्या शेपटीला एक अपूर्णविराम.

झालं होतं असं की बॅशआरसीमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) मी कधीतरी 'माझं फोल्डर, अपूर्णविराम, लायब्ररी पाथची जुनी किंमत' असं लिहून ठेवलेलं. जुनी किंमत रिकामी, म्हणून अपूर्णविराम लोंबकळत राहिला. आणि अपूर्णविरामानंतर काहीच नसेल तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ चालू डिरेक्टरी असा घेतला जातो. अख्खी रात्र त्या दोन टिंबांनी खाल्ली. व्हेरिएबल अनसेट केलं, बिल्डचं फोल्डर पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. यात वेळ जातोच, कारण जीसीसी स्वतःला तीनदा घडवतो: आधी जुन्या कंपायलरकडून, मग स्वतःकडून, मग पुन्हा स्वतःकडून. शेवटच्या दोन खेपांच्या ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन तयार झालेले तुकडे) जुळल्या तरच तो पुढे सरकतो.

इन्स्टॉल झाला. जी++ ला व्हर्जन विचारली तर ४.८.५! व्हिचला (कमांड कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणारी कमांड) विचारलं तर तो नव्या कंपायलरचा पत्ता सांगतोय. नवं फोल्डर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) मी आधीच घालून ठेवलं होतं आणि त्याच टर्मिनलमध्ये जुना जी++ चालवला होता. बॅशने तोच जुना पत्ता ध्यानात ठेवलेला. हॅश -आर म्हटल्यावर विसरला.

कोड कंपाइल झाला, पण चालवताच पुन्हा रडगाणं: जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२१ (सी++ च्या लायब्ररीच्या आवृत्तीची खूण) सापडत नाही. कंपायलर नवा असला तरी प्रोग्रॅम सुरू होताना सिस्टिमची जुनी लिबएसटीडीसी++ (तीच सी++ ची लायब्ररी) उचलत होता, आणि तिची धाव ३.४.१९ पर्यंतच. एलडी लायब्ररी पाथ (प्रोग्रॅम चालताना लायब्रऱ्या शोधायची यादी) लावून काम भागतं, पण ते प्रत्येक जॉब स्क्रिप्टमध्ये आठवणीने लिहावं लागतं. मी मेकफाइलमध्ये लिंकरला आरपाथ (प्रोग्रॅममध्येच कोरून ठेवायचा लायब्ररीचा पत्ता) देऊन टाकला, नव्या जीसीसीच्या लिब६४ फोल्डरचा. प्रोग्रॅम कुठली लायब्ररी उचलतो ते सांगणाऱ्या एलडीडीने आता माझ्या होममधला पत्ता दाखवला.

संध्याकाळी सरांना दाखवलं. म्हणाले, "बाकीच्यांसाठी पण उघडून दे ना ते फोल्डर." होमची परवानगी ७०० (फक्त मला प्रवेश) होती, ती ७११ केली: इतरांनाही आत जाता येतं, पण यादी दिसत नाही.