आमची वाटचाल : दहापैकी सात देणारं गिऱ्हाईक खूश की नाराज?

पिंपरी-चिंचवडमध्ये आमचं आरओ वॉटर प्युरिफायरच्या विक्री आणि सर्व्हिसिंगचं काम आहे. मशीन विकून आमचं घर चालत नाही, चालतं ते दरवर्षी एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) रिन्यू होण्यावर, म्हणून प्रत्येक व्हिजिटनंतर कस्टमरला व्हॉट्सॲपवर विचारतो की ओळखीच्यांना आमचं नाव सुचवाल का, ० ते १० मध्ये सांगा.

याला एनपीएस, म्हणजे नेट प्रमोटर स्कोअर म्हणतात, फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलेली पद्धत. ९-१० देणारे प्रमोटर, ० ते ६ वाले डिट्रॅक्टर, ७-८ वाले फक्त एकूण संख्येत मोजायचे, आणि प्रमोटरच्या टक्क्यांतून डिट्रॅक्टरचे टक्के वजा करायचे, झाला स्कोअर. पण आपल्याकडे दहावीला ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन, त्यामुळे सात देणाऱ्या काकांना फोन केला तर म्हणतात, "अहो चांगलेच दिलेत की!" म्हणून बाहेरच्या कंपन्यांच्या स्कोअरशी आम्ही तुलनाच करत नाही, फक्त आपल्याच मागच्या स्कोअरशी करतो, तीही तीन-तीन महिन्यांची मिळून. कारण पन्नासच उत्तरं आली, त्यात निम्मे प्रमोटर आणि २० टक्के डिट्रॅक्टर, म्हणजे स्कोअर ३०, तर तो नुसत्या योगायोगाने वीसेक पॉइंट वरखाली होऊ शकतो, आणि तेवढ्यावरून कुणा टेक्निशियनला बोलणं मला पटत नाही.

खरं सोनं मार्कांनंतर आम्ही विचारतो त्या "का?" या दुसऱ्या प्रश्नात आहे. कमी मार्कांमागे पाण्याची तक्रार फार कमी, जास्त करून एकच, मशीन उघडल्यावर मेम्ब्रेनचा (आतल्या मुख्य फिल्टरचा) खर्च सांगितला. मग आम्ही व्हिजिटच्या आधीच रेटकार्ड पाठवायला लागलो, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आधी आणि नंतर कस्टमरसमोरच मोजायचा, काढलेला पार्ट त्यांच्या हातात द्यायचा. टेक्निशियनचा इन्सेन्टिव्ह स्कोअरला जोडलेला नाही, नाहीतर दारातच "ताई, दहा द्या हं" सुरू होतं आणि मग त्या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

६ किंवा खाली कुणी दिलं की त्याच दिवशी मी स्वतः फोन करतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे एएमसी रिन्यू केलीय. आता ७-८ वाल्यांनाही फोन सुरू करतोय, कारण न सांगता दुसरीकडे जाणारे त्यांच्यातच जास्त असावेत असं मला वाटतं.