विंडोज १० चा सपोर्ट संपला, मग घरचा कॉम्प्युटर कसा ठरवला : माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला आणि आमच्याकडचा जुना डबा, म्हणजे इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि मधे कधीतरी टाकून घेतलेली २४० जीबीची एसएसडी, त्यावर विंडोज ११ ऑफिशियली येत नाही. आठव्या जनरेशनच्या आधीचे इंटेल प्रोसेसर जवळजवळ सगळे बाद, वर टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पण पाहिजे. हे तपासणारा चेक बायपास करून टाकता येतं म्हणे, येतंही, पण मग पुढे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही, आणि अपडेटसाठीच तर सगळा खटाटोप चाललाय ना. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात, त्यासाठी नाव नोंदवून टाकलं, त्यामुळे निदान घाईघाईत काहीतरी उचलून आणायची वेळ आली नाही.

सगळे आधी "कुठलं मॉडेल घेऊ" विचारतात. आम्ही उलटं केलं, घरात कोण काय करतं ते आधी वहीत लिहिलं. सासरे जिल्हा परिषदेतून रिटायर, भजनी मंडळाची पत्रकं आणि देवळाच्या ट्रस्टची इतिवृत्तं मराठीत टाइप करतात, त्यांचा हात इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठीच्या सरकारी कीबोर्ड मांडणीवर बसलेला. मुलगा यूट्यूब, अभ्यास आणि थोडंफार पायथॉन. मी सोसायटीचे हिशोब टॅलीत लिहिते. नवऱ्याची इलेक्ट्रिकलची छोटी कॉन्ट्रॅक्ट असतात, महाटेंडर्स ह्या राज्य सरकारच्या साइटवर टेंडर भरायला डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो. आता यात टॅली फक्त विंडोजवर चालतं. लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी फुकटची सिस्टीम, तिच्यासाठी टोकनचे ड्रायव्हर असतात काही कंपन्यांचे, पण टेंडरच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरशी कुस्ती खेळायची माझी तयारी नाही. म्हणजे विंडोज पूर्ण सुटणार नव्हतंच, पण रोजच्या वापरातलं जवळपास ऐंशी टक्के काम ब्राउझर आणि मराठी टायपिंग एवढंच होतं, त्याला विंडोज लागत नाही.

म्हणून जुन्याच डब्यावर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघितला. इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही, पेनड्राइव्ह काढला की मशीन जसंच्या तसं. पेनड्राइव्हवरून म्हणून जरा हळू चालतं, पण वायफाय, साउंड, प्रिंटर चालतो का ते लगेच कळतं. आमचा एचपीचा प्रिंटर त्याने स्वतःहून ओळखला. सासऱ्यांना बसवलं, मेन्यू डाव्या कोपऱ्यात खाली आहे बघून ते म्हणाले, "हे तर आपलं जुनंच दिसतंय की गं." सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला आणि त्यांनी थेट पत्रक टाइप करायला घेतलं, काही शिकवावं लागलं नाही. तिथेच माझा निम्मा निर्णय झाला.

त्यांच्या जुन्या फायली हा मात्र वेगळा विषय. दोन प्रकारच्या निघाल्या. युनिकोडमधल्या, म्हणजे आजकाल सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या, लिब्रेऑफिस ह्या मिंटमधल्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये नीट उघडल्या, फक्त मंगल आणि कोकिळा हे फॉन्ट लिनक्समध्ये नसल्यामुळे दुसरा फॉन्ट लागला आणि एका पानाचं पत्रक दीड पानावर गेलं. दुसऱ्या प्रकारच्या म्हणजे युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपी वगैरेवाल्या, तिथे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तो फॉन्ट टाकला की अक्षरं परत मराठीत दिसतात, पण शोधता येत नाहीत, व्हॉट्सॲपवर चिकटवता येत नाहीत. लागणाऱ्या तेवढ्या फायली कन्व्हर्टरमधून युनिकोड केल्या, आणि जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घालावेच लागतात, "कार्यक्रम" चं भलतंच काहीतरी होतं. हे काम विंडोजमध्ये राहिलो असतो तरी कधीतरी करावंच लागलं असतं.

मग बाजार. आम्ही साताऱ्याचे, पुण्याला भाच्याकडे जायचंच होतं तर तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत शिरलो. बजेट पंधरा हजार, मॉनिटर-कीबोर्ड जुनेच ठेवायचे. पहिल्याच दुकानात "मॅडम आय७ देतो, १६ जीबी, ५१२ एसएसडी, एकदम फर्स्ट क्लास". कुठला आय७ विचारलं तर ३७७०. म्हणजे तिसरी जनरेशन, २०१२ चा प्रोसेसर, घरी जो चालत नाही म्हणून बदलतोय त्याच्यापेक्षाही जुना! आय३, आय५, आय७ ह्या आकड्याला भुलू नका, त्याच्या पुढचा नंबर बघा. ८५०० मधला ८ म्हणजे आठवी जनरेशन, ३७७० मधला ३ म्हणजे तिसरी. आठव्या जनरेशनचा साधा आय५ सहा कोरचा आहे, तो जुना आय७ चार कोरचा.

शेवटी पसंत पडला तो लेनोव्हो थिंकसेंटरचा टायनी, रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, आय५ ८५००टी, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडी. असली मशीन कंपन्यांच्या ऑफिसातून लॉटने बाहेर पडतात. जाडसर पुस्तकाएवढा आकार, प्रोसेसर ३५ वॅटचा, इन्व्हर्टरवर लोड कमी पडतो हा आमच्यासारख्यांना मोठा फायदा. पैसे द्यायच्या आधी मी पर्समधून मिंटचा पेनड्राइव्ह काढला, दुकानदार जरा बघतच राहिला पण नाही म्हणाला नाही. एफ१२ दाबून बूट मेन्यू, मग सगळे यूएसबी पोर्ट एकेक करून, हेडफोन, आणि मिंटमधूनच एसएसडीची तब्येत, असं सगळं तपासलं. एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये पण जाऊन बघा, आधीच्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिलेला असेल तर ते मशीन सरळ बाजूला ठेवा. आतलं विंडोज ११ ॲक्टिव्हेट आहे का तेही सेटिंगमध्ये पाहिलं. पाचशे रुपयांत "ओरिजिनल की" देतो म्हणणारेही भेटतात, पाचशेत ओरिजिनल कुठून येणार ते त्यांनाच माहीत.

वायफाय कार्ड त्यात नव्हतं, ऑफिसातल्या मशीनना बऱ्याचदा नसतंच, सगळं लॅनच्या वायरवर चालतं. स्वस्तातला यूएसबी डोंगल घ्यायचा मोह होतो, पण त्यातल्या काहींचे लिनक्स ड्रायव्हर फार छळतात, म्हणून इंटेलचं कार्ड अँटेनासकट बसवून घेतलं, थोडे पैसे जास्त गेले. सगळं मिळून बजेटच्या थोडं वर गेलं, नवरा म्हणाला चालतंय.

घरी आल्यावर जुन्या डब्यातली एसएसडी काढून ह्याच्यात घातली. अडीच इंची ड्राइव्हला जागा असते, पण ती बसवायची पट्टी ह्या मशीनबरोबर आलीच नाही, ती वेगळी मागवावी लागली, तेव्हा घेतानाच विचारून घ्या. एनव्हीएमईवर विंडोज तसंच ठेवलं, जुन्या एसएसडीचा बॅकअप घेऊन तिच्यावर मिंट टाकलं. एकाच ड्राइव्हचे तुकडे करण्यापेक्षा हे बरं, एक बिघडलं तरी दुसरं शाबूत. चालू केलं की आपोआप मिंट, टॅली किंवा टेंडर असेल तर एफ१२. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तोवर बघायला नको.

एक गंमत सांगायची राहिली. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे! सासरे म्हणाले आतली बॅटरी गेली, दुकानदाराला फोन लावा. बॅटरी ठणठणीत होती. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिच वेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ आपली समजून दाखवतं, म्हणून बरोबर साडेपाचाचाच फरक. मिंटच्या टर्मिनलमध्ये आतलं घड्याळ लोकल वेळेवर ठेवायची एका ओळीची कमांड दिली, विंडोजमध्ये वेळ परत सिंक केली, आणि फोन लावायचा राहून गेला.