‘द लंचबॉक्स’चा हिशेब

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये लागोपाठच्या दोन शुक्रवारी दोन हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले आणि दोघांच्याही नावापुढे आज ‘शंभर कोटी’ हा आकडा लिहिलेला सापडतो. १३ सप्टेंबरला आलेल्या ‘ग्रँड मस्ती’ने हे शंभर कोटी भारतातल्या चित्रपटगृहांतून, काही आठवड्यांत गोळा केले. २० सप्टेंबरला आलेल्या ‘द लंचबॉक्स’ला तिथे पोहोचायला कित्येक महिने लागले आणि त्यातला मोठा वाटा भारताबाहेरच्या तिकीटबारीचा होता. पहिला आकडा करमणूक कर वजा जाता उरलेल्या देशांतर्गत निव्वळ गल्ल्याचा आहे, तर दुसरा जगभरातल्या तिकीटविक्रीची ढोबळ बेरीज आहे. हे दोन्ही आकडे एकाच रकान्यात मांडणे म्हणजे एकाची उंची आणि दुसऱ्याचे वजन शेजारी शेजारी लिहून दोघांत मोठा कोण ते ठरवण्यासारखे आहे.

सोमवारी सकाळी वर्तमानपत्र उघडून आठवड्याअखेरचा गल्ला पाहणे आणि त्यावरून चित्रपट ‘चालला’ की ‘पडला’ हे ठरवून टाकणे, ही माझी जुनी खोड आहे. ‘द लंचबॉक्स’ने ती पुरती मोडली असे म्हणवत नाही, पण त्याच्यापासून मी सोमवारच्या निकालावर थोडा कमी विश्वास ठेवू लागले. रितेश बत्रा यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या जेवणाच्या डब्यातून निवृत्तीला आलेला एक कारकून आणि संसारात एकटी पडलेली एक गृहिणी यांचा पत्रव्यवहार सुरू होतो, एवढीच त्याची गोष्ट. अशा चित्रपटाचा पैसा कुठून येतो, कधी येतो आणि कुणाच्या हाती किती उरतो, हे पाहू लागल्यावर पहिल्या तीन दिवसांचा आकडा फारच तोकडा वाटू लागतो.

निर्मितीखर्च सुमारे २२ कोटी रुपये सांगितला जातो. त्या काळच्या बड्या हिंदी चित्रपटाच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती, पण नायक-नायिका एकाही दृश्यात समोरासमोर न भेटणाऱ्या, नाच नसलेल्या, १०४ मिनिटांच्या प्रेमकथेसाठी ती लहान म्हणता येणार नाही. मात्र तो भार एकाच खांद्यावर नव्हता. गुनीत मोंगा आणि अनुराग कश्यप यांच्यासोबत डार मोशन पिक्चर्स आणि सरकारी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ होते, तसेच फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिकेतल्या संस्थाही भागीदार होत्या. मे २०१३ मध्ये कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागात चित्रपट दाखवला गेला, तिथे त्याला प्रेक्षकपसंतीचा ‘ग्रँड रेल दोर’ पुरस्कार मिळाला आणि उत्तर अमेरिकेतले हक्क सोनी पिक्चर्स क्लासिक्सने तिथेच घेतले. म्हणजे भारतातला पहिला शुक्रवार उजाडण्याच्या चार महिने आधीच परदेशी बाजार बराचसा उभा राहिला होता. आपल्याकडच्या बहुतेक लहान चित्रपटांची अवस्था नेमकी उलट असते. त्यांना त्या एका शुक्रवारवाचून दुसरा आधार नसतो.

भारतात यूटीव्ही आणि करण जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्सचे नाव चित्रपटामागे उभे राहिले आणि सुमारे चारशे पडद्यांवर तो लागला. समोर त्याच दिवशी शाहिद कपूरचा ‘फटा पोस्टर निकला हीरो’ होता, आणि मागच्या आठवड्याचा ‘ग्रँड मस्ती’ अजून जोरात होता. ‘द लंचबॉक्स’ने पहिल्या तीन दिवसांत सुमारे सात कोटी, आठवडाभरात सुमारे अकरा कोटी आणि तीन आठवड्यांत वीस कोटींहून थोडे अधिक मिळवले. या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो सोमवार ते गुरुवारचा भाग. शनिवार-रविवारची गर्दी ओसरल्यावरच्या चार कामाच्या दिवसांत जवळपास चार कोटी जमा होतात, याचा अर्थ पाहून आलेला माणूस दुसऱ्याला पाठवत होता. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मी पुण्यातल्या ज्या मल्टिप्लेक्समध्ये तो पाहिला, तिथे त्याचा दिवसाला एकच खेळ उरला होता, तोही सकाळी दहाचा, आणि तरीही निम्म्याहून अधिक खुर्च्या भरलेल्या होत्या. प्रेक्षकांत निवृत्त मंडळी बरीच होती, आणि तो कारकून, साजन फर्नांडिस, लोकलमध्ये उभा राहतो आणि एक तरुण त्याला बसायला जागा देऊ करतो, तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही.

पण अशा सावकाश चालणाऱ्या चित्रपटाला आपली पद्धत दंड करते. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा तंटा झाला, दोन महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागले नाहीत आणि त्यातून जी वाटणी ठरली ती अशी: कर वजा जाता उरलेल्या गल्ल्यातून वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के. पहिल्या शुक्रवारी मिळालेल्या शंभर रुपयांतले पन्नास वितरकाकडे जातात, तर चौथ्या आठवड्यात त्याच शंभरांतले तीसच. माझ्या सकाळी दहाच्या तिकिटातून चित्रपट बनवणाऱ्यांच्या दिशेने जे काही गेले, ते पहिल्या दिवशी गेलेल्या प्रेक्षकाच्या तुलनेत दोन पंचमांशाने कमी होते. त्याआधी महाराष्ट्राचा ४५ टक्के करमणूक कर होताच, आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांवर बऱ्याच अंशी अवलंबून असलेल्या चित्रपटाला तो टाळता येण्यासारखा नव्हता. ज्याची जाहिरात मोठी त्याला पहिल्या आठवड्याची मलई मिळते. ज्याची कीर्ती तोंडोतोंडी पसरते, त्याचा प्रेक्षक पोहोचतो तेव्हा वाटा कमी झालेला असतो. प्रदर्शकाची, म्हणजे चित्रपटगृह चालवणाऱ्याची, बाजू मला कळत नाही असे नाही, कारण रिकाम्या खुर्च्यांचा आणि वातानुकूलनाचा खर्च उतरत्या आठवड्यांत त्याच्याच माथी येतो. तरीसुद्धा ही उतरंड नेमक्या अशाच चित्रपटांना नडते.

प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ सप्टेंबरला, फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून ज्ञान कोरिया यांच्या ‘द गुड रोड’ या गुजराती चित्रपटाची निवड जाहीर केली. ‘द लंचबॉक्स’च्या निर्मात्यांनी उघड नाराजी व्यक्त केली, वाहिन्यांवर वाद रंगला, आणि जो चित्रपट लोकांना ठाऊकही नव्हता त्याचे नाव ‘अन्याय झालेला चित्रपट’ म्हणून घरोघरी पोहोचले. (गंमत अशी की दोन्ही चित्रपटांत राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसा होता, म्हणजे सरकारचे एक मूल दुसऱ्याला हरवून गेले.) या वादाने दुसऱ्या आठवड्याच्या तिकीटविक्रीला हातभार लावला असे माझे मत आहे.

नोव्हेंबरमध्ये जर्मनीत, डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये प्रदर्शन झाले. अमेरिकेत मात्र चित्रपट आला तो २८ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे ज्या ऑस्कर सोहळ्याला तो जाऊ शकला नाही त्याच्या बरोबर दोन दिवस आधी. तिथली रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. अशा चित्रपटाला एकदम शेकडो पडद्यांवर सोडत नाहीत. आधी न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या मोजक्या चित्रपटगृहांत लावतात, समीक्षा छापून येऊ देतात आणि गर्दीचा अंदाज घेत दर आठवड्याला नवी शहरे जोडत जातात. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने तो पाहिला एप्रिलमध्ये, नेहमीच्या ‘देसी’ चित्रपटगृहात नव्हे तर परदेशी चित्रपट दाखवणाऱ्या एका जुन्या दोन पडद्यांच्या जागी. प्रेक्षकांत भारतीय ती आणि तिचा नवरा असे दोघेच होते, आणि बाहेर पडताना एका आजीबाईंनी तिला कारल्याची कृती विचारली, असे तिने मला त्याच रात्री फोनवर सांगितले.

या पद्धतीने अमेरिकेत ‘द लंचबॉक्स’ने ४२ लाख डॉलरहून अधिक कमाई केली. डॉलर तेव्हा साठ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे पंचवीस कोटी रुपये. भारतातल्या पहिल्या तीन आठवड्यांत जेवढे मिळाले त्याहून जास्त. त्या वर्षी ऑस्कर जिंकलेल्या ‘द ग्रेट ब्यूटी’ या इटालियन चित्रपटाने अमेरिकेत सुमारे २८ लाख डॉलर मिळवले होते आणि पुढच्या वर्षीच्या विजेत्या, पोलंडच्या ‘इडा’ने सुमारे ३८ लाख. ज्याला स्पर्धेत पाठवलेच नाही त्याने तिकीटबारीवर दोन्ही विजेत्यांना मागे टाकले. यावरून तो त्यांच्यापेक्षा चांगला ठरतो असे मी म्हणणार नाही (‘इडा’ मला अधिक मोलाचा वाटतो). पण ऑस्करच्या शिक्क्यावाचून परदेशी चित्रपट तिथे चालत नाही, या नेहमीच्या समजुतीला या आकड्यांनी चांगलाच तडा दिला. त्याच ‘इडा’शी पुढे ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांच्या परभाषिक विभागात ‘द लंचबॉक्स’ची गाठ पडली आणि तिथे ‘इडा’ जिंकला.

मे २०१४ अखेर जगभरातली बेरीज सुमारे ८५ कोटींवर गेली होती आणि पुढे ती शंभरापार पोचली. इथवर आकडे साथ देतात. घरगुती प्रदर्शनाची, म्हणजे डीव्हीडीची आणि वाहिन्यांची, गोष्ट सुरू झाली की मात्र खातेवही अंधूक होत जाते.

अमेरिकेत जुलै २०१४ मध्ये, म्हणजे चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनानंतर चार महिन्यांनी, डीव्हीडी आणि ब्लू-रे बाजारात आल्या. तिथे लहान चित्रपटाच्या अर्थकारणात घरगुती विक्रीचा आणि भाड्याचा वाटा पूर्वापार मोठा राहिलेला आहे, कारण अशा चित्रपटाचा प्रेक्षक वयाने थोडा मोठा, शहराबाहेर राहणारा आणि ‘घरी येईल तेव्हा पाहू’ म्हणणारा असतो. आपल्याकडे तोवर डीव्हीडीची दुकाने गाशा गुंडाळू लागली होती, आणि निर्मात्याला घरगुती प्रेक्षकाकडून मिळणारा पैसा मुख्यतः वाहिन्यांना विकलेल्या हक्कांतून येत असे. ते हक्क एकरकमी विकले जातात. नंतर तो चित्रपट वाहिनीवर दहा वेळा लागो वा पन्नास वेळा, निर्मात्याच्या हाती त्यातून जास्तीचे काही पडत नाही. शिवाय या चित्रपटाची अर्धी जादू स्तब्धतेत आहे आणि त्या स्तब्धतेत मसाल्याची जाहिरात घुसली की काय उरते, हे मी एका रविवारी दुपारी अनुभवले आहे.

माझ्याकडची डीव्हीडी बंद होत चाललेल्या एका दुकानातून निम्म्या किमतीत आणलेली. ती आईसोबत लावली तेव्हा वरच्या मजल्यावरून ‘देशपांडे आंटी’चा पहिला आवाज आला आणि आई ताबडतोब म्हणाली, “अगं, ही तर भारती आचरेकर!” ‘वागळे की दुनिया’तला तो आवाज तिच्या कानात पंचवीस वर्षे तसाच होता. चित्रपटगृहात मी त्या न दिसणाऱ्या बाईला पटकथेतली एक युक्ती समजत होते. आईला ती शेजारीण वाटली, आणि मधेच उठून चहा ठेवताना तिने त्या आंटीच्या अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची मनापासून चौकशी केली. पुढे ती डीव्हीडी आमच्या इमारतीत चार घरांत फिरली आणि शेवटच्या घरातून परत आली ती चकल्यांच्या डब्यावर ठेवून. चार घरांतली दहा-बारा माणसे, एका निम्म्या किमतीच्या तबकडीवर. यातले काहीच शंभर कोटींत नाही.

२९ एप्रिल २०२० रोजी साजनची भूमिका करणारे इरफान खान गेले तेव्हा देशातली सगळी चित्रपटगृहे बंद होती. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत ‘द लंचबॉक्स’ पुन्हा लागला, काहींच्या घरी पहिल्यांदाच. त्या आठवड्याचा गल्ला कुठल्याही सोमवारच्या वर्तमानपत्रात छापला गेला नाही. नेटफ्लिक्सने आपल्या चित्रपट-मालिकांच्या पाहिलेल्या तासांचे सविस्तर आकडे प्रसिद्ध करायला सुरुवात केली ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये. तोवर या चित्रपटाच्या प्रदर्शनाला दहा वर्षे उलटून गेली होती.

याच दिग्दर्शकाचा, याच मुंबईतला, असाच हळू बोलणारा ‘फोटोग्राफ’ १५ मार्च २०१९ रोजी भारतात प्रदर्शित झाला. सनडान्स आणि बर्लिनच्या चित्रपट महोत्सवांत तो आधीच दाखवला गेला होता, नवाजुद्दीन सिद्दिकी होते, अ‍ॅमेझॉनसारखी कंपनी पाठीशी होती. पण आता प्रेक्षकाला ठाऊक होते की थोडे थांबले तर हा घरीच येणार आहे. मीही सवयीप्रमाणे चौथ्या आठवड्याचा बेत केला. पहिल्या आठवड्यात मैत्रिणीने विचारले होते, तेव्हा मी सकाळी दहाच्या खेळाची वाट पाहते आहे असे तिला सांगितले होते. दुसरा आठवडा संपता संपता तिकिटे पाहायला गेले, तर आमच्या भागात त्याचा एकही खेळ उरलेला नव्हता.