सव्वा पिक्सेलचा डॉप्लर

प्रकाशाच्या उगमाकडे गेलं की त्याचा रंग निळ्याकडे सरकतो, दूर गेलं की लालकडे; हा डॉप्लर परिणाम. लाल सिग्नल हिरवा दिसायचा तर त्याच्या दिशेने सेकंदाला सुमारे 60,000 किलोमीटर वेगाने जावं लागेल. सूर्याचा विषुववृत्तावरचा पृष्ठभाग फिरतो सेकंदाला 2 किलोमीटरने. तेवढ्याने डोळ्याला रंगात काही कळत नाही. 1842 मध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ डॉप्लरला ताऱ्यांचे रंगच या परिणामामुळे असावेत असं वाटलं होतं; बघायच्या त्या वर्णपटातल्या रेषा (मूलद्रव्यांनी ठरावीक रंग शोषल्याने पडणाऱ्या काळ्या रेघा), हे 1848 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोने दाखवलं. सूर्याच्या फिरण्याचा वेग काढायला त्याच रेषा आम्ही पुण्यात कॉलेजच्या गच्चीवरून मोजायला घेतल्या.

जानेवारीचा पहिला आठवडा मुद्दाम धरला. तेव्हा सूर्याचा अक्ष आकाशातल्या उत्तर-दक्षिण दिशेशी जवळजवळ जुळतो. ट्रॅकिंग (दुर्बिणीने सूर्यामागे फिरणं) बंद केलं, बिंब जिकडे सरकतं त्या रेषेत स्लिट (प्रकाश आत घेणारी बारीक फट) फिरवली, की ती सूर्याच्या विषुववृत्तावर बसते. वेळ संध्याकाळी पाचची. सूर्य खाली, त्यामुळे प्रकाश डोक्यावरच्या मानाने चौपट हवेतून येतो आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या रेषा ठळक उमटतात.

सगळी मदार त्यांच्यावरच. 6301.5 आणि 6302.5 अँगस्ट्रॉमला (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सूर्यातल्या लोखंडाच्या रेषा, आणि लगेच शेजारी 6302.0 आणि 6302.8 ला आपल्या हवेतल्या ऑक्सिजनच्या. सूर्य फिरला म्हणून या ऑक्सिजनच्या रेषा सरकत नाहीत.

दुर्बीण 420 मिमी फोकल लांबीची, पुढे उजेड कमी करणारा एनडी फिल्टर; 10 मायक्रॉनची स्लिट, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, मिलिमीटरला 2400 रेषांची ग्रेटिंग, 125 मिमीची कॅमेरा लेन्स, 2.4 मायक्रॉनचे पिक्सेल. यात एक पिक्सेल 0.065 अँगस्ट्रॉमचा पडतो. सूर्याच्या दोन्ही कडांच्या लोखंडाच्या रेषांमधला फरक 0.08, म्हणजे जेमतेम सव्वा पिक्सेल.

स्क्रीनवर सगळ्याच रेषा धनुष्यासारख्या वाकलेल्या आल्या. "सर, सव्वा पिक्सेल यात शोधायचा कुठे?" एका विद्यार्थिनीने विचारलं. स्लिटच्या टोकांकडचे किरण ग्रेटिंगवर तिरके पडतात, त्याचा हा बाक; तो लोखंडाला जेवढा, तेवढाच ऑक्सिजनलाही. म्हणून प्रतिमेच्या प्रत्येक ओळीत (एक ओळ म्हणजे स्लिटवरची एक जागा) दोन्ही रेषांचे मध्य काढले आणि वजा केले. बाक गेला आणि उरली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी तिरकी सरळ रेघ. खुर्च्या सोडून सगळी पोरं लॅपटॉपभोवती गोळा झाली!

दिशा तपासायलाच हवी, कारण कॅमेरा प्रतिमा उलटवतो. ट्रॅकिंग बंद असताना जी कड पुढे निघते ती पश्चिम. ती आपल्यापासून दूर जाते, म्हणून तिथे लोखंडाची रेषा लाल बाजूला सरकलेली हवी. अगदी कडेच्या ओळी घेऊ नयेत: तिथे उजेड कमी, आणि थरथरणारी हवा आतला प्रकाश तिथे मिसळते, त्याने रेघेचा उतार कमी भरतो. या उताराने वेग सेकंदाला 1.9 किलोमीटरच्या आसपास येतो. 2 येत नाही, कारण पृथ्वीही सूर्याभोवती त्याच दिशेने फिरते आहे, त्यामुळे सूर्याचं फिरणं थोडं हळू दिसतं.