आठ हजार हर्ट्झच्या पुढे: माझा श्रवणचाचणीचा अनुभव

मोबाइलच्या चार्जरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, अशी तक्रार माझी मुलगी आठवडाभर करत होती आणि चार्जरला कान लावूनही मला काहीच ऐकू येत नव्हते. लहानपणी जुन्या काचेच्या पडद्याचा टीव्ही सुरू आहे, हे मला त्याच्या 15,625 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, बारीक आवाजावरून शेजारच्या खोलीतही कळत असे. त्यामुळे मनात धास्ती बसली आणि मी श्रवणचाचणी करून घ्यायचे ठरवले.

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आधी कानात मळ नाही ना, हे पाहिले. मग ध्वनिरोधक खोलीत बसवून हेडफोन लावले आणि हातात बटण दिले. आवाज कितीही क्षीण असला तरी ऐकू येताच बटण दाबायचे, एवढेच काम होते, पण ते वाटते तितके सोपे नाही. बटण दाबले की पुढचा आवाज 10 डेसिबलने उतरतो, न दाबल्यास 5 डेसिबलने चढतो, आणि असे खालीवर होत आपण अशा काठावर येतो, जिथे आवाज खरोखर आला की तसा भास झाला, हे सांगता येत नाही. तिथे मला स्वतःच्या श्वासाचाही अडथळा होऊ लागला आणि मी तो रोखून बसलो. शेवटी कानामागच्या हाडावर कंपक ठेवूनही चाचणी झाली.

आलेखावरची उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या 25 डेसिबलच्या आत होत्या, म्हणजे श्रवण सामान्य. मग चार्जरचे काय? बाई म्हणाल्या, ‘‘ही चाचणी 250 ते 8,000 हर्ट्झपर्यंतच असते, बोलणे समजायला तेवढे पुरते.’’ तरुण, निरोगी कानाचा पल्ला मात्र 20 ते 20,000 हर्ट्झ मानतात. माझ्या आग्रहाखातर त्यांनी वेगळे हेडफोन लावून वरच्या पट्ट्याही तपासल्या. 12,500 हर्ट्झला आवाज बराच वाढवल्यावर माझे बटण दाबले गेले. 14,000 हर्ट्झला काचेपलीकडे त्यांचा हात आवाज वाढवताना दिसत होता आणि माझ्या कानांत पूर्ण शांतता होती.

अंतर्कर्णातील शंखाकृती कॉक्लियाच्या तोंडाशी असलेल्या केशपेशी उंच स्वर टिपतात आणि वयानुसार त्याच आधी झिजतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटले. कुत्र्याला सुमारे 45,000, मांजराला सुमारे 64,000 आणि काही वटवाघळांना 1,00,000 हर्ट्झच्याही पुढे ऐकू येते, हे मी वाचले होते. पण एकाच घरात, बाप आणि लेकीच्या कानांतही असे अंतर असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता.

घरी येऊन चार्जर बदलला. शिट्टी थांबली का, हे मी मुलीला विचारले.